मामाजींनी सोडलेला चहा

मार्च लागला, मोहाची फुलं गळायला लागली, की अड्याळच्या बाजूच्या सगळ्या गावांना एक गोडसर, जड वास येतो. त्याच वासात पोरं परीक्षेला बसतात. मी इंग्रजीची मास्तरीण, पण माझ्या विषयाच्या पेपरला मला वर्गावर ठेवत नाहीत. माझी पाळी येते ती दुसऱ्या कुठल्या तरी पेपरला. तासभर झाला की शिपाई कागदी कपात चहा आणून टेबलावर ठेवतो. हा कागदी कप ज्यानं काढला त्याला एकदा भेटायचंय मला. दोन बोटांत धरवत नाही इतका तापतो, घोट घ्यावा तर जीभ पोळते, ठेवून द्यावा तर पाच मिनिटांत वर साय धरते. आणि ओतायला बशी नाही. यंदा त्या कपाकडे बघत बसले होते आणि एकदम इतकं भरून आलं, की खिडकीकडे तोंड करून उभं राहावं लागलं. मागून एका पोरीनं "म्याडम, पुरवणी" म्हणून हाक मारली तेव्हा भानावर आले.

सोळा वर्षांपूर्वी मीही परीक्षेला बसले होते. लग्न होऊन तीन वर्षं झाली होती, आणि मी बाहेरून एम. ए. करत होते, इंग्रजी घेऊन. माझं माहेर लाखनीचं, हायवेवरचं. सासर अड्याळपासून चार किलोमीटर आत, तलावाच्या पारीखाली, म्हणजे बांधाखाली. नवरा गोसीखुर्द धरणाच्या नहरावर, म्हणजे कालव्यावर कामाला, सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, उन्हाळी धानाच्या निंदणीला. घरात दुपारी मी आणि माझी पुस्तकं. "लेकरंबाळं नाहीत, वावराच्या धुऱ्यावर जात नाही, अन सून काय तं म्हने इंग्रजी वाचते," असं गावात बोललं जायचं. बोलू देत. तोंडाला कुलूप थोडंच घालता येतं.

बोलत नव्हते ते एकटे मामाजी. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. चौथी शिकलेले, उंच, काळेसावळे, हातापायाला कायम चिखलाचा रंग. दुपारी शेतातून यायचे ते आधी अंगणातच खाकरायचे, म्हणजे सुनेनं डोक्यावर पदर घ्यावा. मग ओसरीवर बसायचे. मी उंबऱ्याच्या आत, पुस्तक घेऊन. एक दिवस त्यांनी ओसरीवरूनच विचारलं, "काय वाचून राहिली बाई?" मी म्हटलं, "कादंबरी होय जी. गोष्ट." "मंग सांग ना." आता सासऱ्याला इंग्रजी कादंबरी काय सांगायची, त्यातलं ते प्रेमबीम गाळून? पण सांगायला लागले. आणि काय झालं, मला कादंबरी कळायला लागली. तोपर्यंत नुसती वाचत होते. मामाजींना सांगताना कळायचं, कोण कुणावर जळतं, कुणाची जमीन गेली, कोणती पोरगी खोटं बोलते. मामाजी मधेमधे म्हणायचे, "त्या बाईचं काही खरं दिसत नाही मले," आणि पन्नास पानांनी खरोखरच तिचं काही खरं नसायचं.

मात्र एका गोष्टीनं ते चक्रावून जायचे. चहा. इंग्रजांच्या पुस्तकात दर चार पानांना चहा येतो. पाऊस आला, चहा. पाहुणा आला, चहा. लग्नाची मागणी घालायची आहे, चहा. मागणी नाकारली, तर त्यावर चहा. कुणी मेलं तर घरातलं कुणीतरी उठतं आणि आधी पाणी उकळायला ठेवतं. दोन बायका टेबलाशी बसून एकमेकींना "आणखी थोडा घ्या ना" म्हणतात आणि त्याच दमात एकमेकींची इज्जत काढतात. मामाजी ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "एवढा चाय पेतेत, तं मंग राज्य कवा केलं त्याईनं?" मी त्यांना सांगितलं, की पत्ती आपल्याकडच्या मळ्यांतून जायची, आसामातून. खुडणारे आपले, पिणारे ते. यावर ते म्हणाले, "तं मंग असा पाहू पाहू पेत असतील."

तसाच प्यायचे, पाहू पाहू, जपून जपून. न उकळता. पत्तीवर नुसतं गरम पाणी ओतायचं, झाकण लावायचं, किटलीला लोकरीचं टोपडं घालायचं. दूध आधी की मागून, यावरून माणसाचं घराणं ओळखायचं. बिस्किट बुडवायचं की नाही, चमचा कपाला लागून वाजला की नाही. माझे एम. ए.चे सर म्हणायचे, आपल्याकडे सोवळं असतं ना, तसा इंग्रजांचा चहा. मला हे वाक्य फार आवडलं होतं. मी ते चारही पेपरांत कुठं ना कुठं लिहिलं. आत्याबाईंना मात्र न उकळलेल्या चहाचं ऐकून मळमळल्यासारखं झालं होतं. "पत्ती का देवाले दाखवाले आनली?" म्हणाल्या.

त्या पुस्तकांत दुपारच्या चार वाजताच्या चहाचं फार महत्त्व. मामाजींच्या डोक्यात ते बसलं. सुनेची परीक्षा इंग्रजीची, तर तिला इंग्रजांची वेळ पाळली पाहिजे, असं त्यांच्या मनानं घेतलं. बरोबर चारला खाकरणं ऐकू यायचं. उन्हाळी धानाला पाणी सोडलेलं असो, बांधावर कुणी बोलत उभं राहिलेलं असो, मामाजी हातातलं टाकून यायचे. "चार वाजले बाई. मांड." मी चुलीवर गंज, म्हणजे चहाचं पातेलं, चढवायची. आमचा चहा आमचाच, गवती चहाची पात टाकून, दूध घालून, तीनदा वर येईपर्यंत उकळलेला. दोन कपबशा. एक ओसरीवर, एक उंबऱ्याच्या आत. मामाजी सगळा चहा बशीत ओतायचे, काठोकाठ, एक थेंब न सांडता, आणि दोन्ही हातांच्या बोटांवर बशी तोलून फुंकर मारून भुरका घ्यायचे. असा भुरका, की परसातली कोंबडी मान वर करायची. तो भुरका झाला की म्हणायचे, "हं, सांग आता. काल ते पोरगी कुठं पोचली होती?"

त्या महिन्याइतकी सुखी मी पुढं कधी झाले का, मला सांगता येणार नाही. सासऱ्यासोबत सुनेनं बसून चहा प्यायचा, ही आमच्या गावात न होणारी गोष्ट होती. मधे उंबरा होता म्हणून खपली. शेजारची एक बाई बोललीच, "बुढा सुनेपाशी बसून काय आयकते रोज?" मामाजी तिला म्हणाले, "इंग्रजी शिकून राहिलो वो. तूबी ये." ती परत आली नाही.

आणि मग मी माती खाल्ली.

सर म्हणजे माझे मार्गदर्शक, पवनीकडचे, भंडाऱ्याला कॉलेजात शिकवायचे. बाहेरून परीक्षा देणाऱ्या आम्हा चार-सहा जणांना स्वतःच्या नोट्स द्यायचे, फुकट. परीक्षेला पंधरा दिवस असताना त्यांचा निरोप आला, की अड्याळला काम आहे, येताना तुमच्याकडे डोकावतो. माझ्या अंगात आलं. इंग्रजीचे प्राध्यापक घरी येणार! अड्याळच्या बाजारातून ब्रेड आणवला, त्याच्या कडा कापल्या, काकडीच्या चकत्या मधे ठेवल्या. साखर वेगळी, दूध वेगळं. नवी कपबशी. पुस्तकात जसं असतं तसं सगळं. आणि मग मला मामाजींचा भुरका आठवला.

मी त्यांना सकाळीच गाठलं. डोक्यावर पदर, मान खाली, सगळी मर्यादा सांभाळून मी ते वाक्य बोलले. "मामाजी, सरासमोर बशीत नका ओतू जी." ते दावं वळत होते. हात थांबला नाही. "बरं बाई," म्हणाले. तेवढंच. मला त्यांचा चेहरा दिसला नाही, मान खाली होती ना माझी. मर्यादेचा असाही उपयोग होतो.

चार वाजता सर आले. ओसरीवर सतरंजी, वर दोन खुर्च्या. मामाजी धुतलेलं धोतर आणि टोपी घालून बसले. मी चहा आणून ठेवला. सर दारच्या उन्हाबद्दल, तलावाच्या पाण्याबद्दल बोलत होते, मामाजी "हो जी, हो जी" करत होते. त्यांच्या हातात कप होता. चहा चुलीवरून आत्ताच उतरवलेला. त्यांनी कप ओठांपर्यंत नेला आणि खाली आणला. परत नेला, परत आणला. आयुष्यात त्या माणसानं कपाला तोंड लावून गरम चहा प्यायला नव्हता. त्याला ते येतच नव्हतं. कप तसाच धरून ते थांबले, निवायची वाट बघत, आणि बोटं पोळत होती हे मला आतून दिसत होतं.

"घ्या ना बाबूजी," सर म्हणाले, "थंड होईल."

आणि मी उंबऱ्यातून, माझ्या शुद्ध, पुस्तकी मराठीत म्हणाले, "ते चहा घेतच नाहीत, सर. तुम्हाला सोबत म्हणून नुसते बसलेत."

का बोलले? मला वाटलं, मी त्यांची सुटका करते आहे. खोटं कशाला बोलू, मला माझी सुटका करायची होती. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग कप सतरंजीवर ठेवला, बोटानं थोडा दूर सरकवला आणि सरांना म्हणाले, "हो जी. मी पेत नाही."

सर खूश झाले. "वा! या वयात, शेतात राबून चहा नाही? निग्रह म्हणतात तो हा." असं म्हणत सरांनी आपला कप उचलला, आणि देवा, आजही सांगताना माझ्या कानशिलात आग होते, सरांनी सगळा चहा बशीत ओतला. फुंकर मारली. भुरका घेतला. पवनीकडच्या शेतकऱ्याच्या घरचा माणूस, तो दुसरं काय करणार होता! काकडीच्या ब्रेडला त्यांनी हात लावला नाही. मामाजी त्यांच्या बशीकडे बघत होते, अगदी शांतपणे, जसं आपण दुसऱ्याच्या शेतातलं पीक बघतो.

दुसऱ्या दिवशी चारला खाकरणं ऐकू आलं. मी घाईघाईनं गंज चढवला, दोन कप भरले, बशी मुद्दाम मोठी घेतली. ओसरीवर ठेवली तर म्हणाले, "मले पानी दे बाई."

"चाय, मामाजी?"

"मी पेत नाही ना."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, माफी मागता आली असती. त्यांनी तांब्यातलं पाणी वरून घशात ओतलं, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "हं, सांग. पोरगी कुठं पोचली?" मी सांगत राहिले. माझा कप उंबऱ्यात निवून गेला.

त्या दिवसापासून मामाजींनी चहा घेतला नाही. आपल्याकडे माणसं वस्तू सोडतात. कुणी काशीला जाऊन वांगं सोडतं, कुणी आई गेल्यावर गोड सोडतं, आणि सोडलं म्हणजे सोडलं, कुणी आग्रह करत नाही. गावानं धरून घेतलं, की बुढ्यानं चहा सोडला. कशासाठी, ते कुणी विचारलं नाही. मला माहीत होतं, आणि मी बोलले नाही. आधी परीक्षा आहे म्हणून, मग निकाल आहे म्हणून, मग नोकरी लागली म्हणून. सुनेनं सासऱ्याला असं विचारायचं नसतं, हे कारण तर आमच्याकडे बाराही महिने तयार असतं. मी मनाशी ठरवून टाकलं, की ते माझ्यावर रागावलेत, आणि रागावलेल्या माणसासमोर मी सोळा वर्षं पाण्याचा तांब्या ठेवत राहिले.

परीक्षेला मला भंडाऱ्याला तेच घेऊन गेले. चार पेपर, चार दिवस, पहिल्या एसटीनं. उन्हं अशी, की डांबर चपलेला चिकटायचं. मी आत लिहीत असायची आणि मामाजी बाहेर कडुलिंबाखाली बसलेले. समोर चहाची टपरी. येणारा प्रत्येक पालक तिथं चहा प्यायचा, यांनाही विचारायचा. यांच्या हातात पाण्याची बाटली. तीन तासांनी मी बाहेर आले की विचारायचे, "आला का चायचा सवाल?" चौथ्या दिवशी खरंच आला होता, इंग्रजी कादंबरीतल्या घरगुती जीवनाबद्दल. मी आठ पानं लिहिली होती. किती छान लिहिलं असेन! चहाचं टेबल म्हणजे माणसाला आत घेण्याची आणि बाहेर ठेवण्याची जागा, असलं काहीतरी.

चहा सोडणं आमच्या भागात सोपं नसतं. पुतण्यासाठी पोरगी बघायला गेलो, तिकडे चहा आला आणि मामाजींनी हात जोडले. पोरीच्या बापाचा चेहरा उतरला. चहा नाकारला म्हणजे पोरगी नाकारली. त्याला समजावून सांगता सांगता पुरेवाट झाली. सर मधूनमधून यायचे, वर्षा-दोन वर्षांत एकदा. गावातल्या चार लोकांसमोर म्हणायचे, "शिका यांच्याकडून. एकदा ठरवलं ते ठरवलं." मामाजी मान हलवायचे. मी आत भांडी आदळायची.

पाच वर्षांपूर्वी आत्याबाई गेल्या. आपल्याकडे मयताच्या घरात चूल पेटत नाही. घाटावरून माणसं परतली की शेजारचे चहा घेऊन येतात, मोठ्या किटलीतून, कपबशांचं टोपलं डोक्यावर घेऊन. त्या इंग्रजी पुस्तकांत मरणाच्या दिवशी घरच्याच माणसानं उठून पाणी ठेवायचं असतं. मला आपलं जास्त बरं वाटतं. ज्याचं गेलं त्यानं नुसतं बसावं. मामाजी भिंतीला टेकून बसले होते. दिवसभर पोटात काही नाही, डोळे कोरडे. शेजारच्या बाईनं बशी पुढं केली, "घ्या बाबूजी, दोन घोट. आज तरी घ्या." त्यांचा हात हलला. मी पाहिला, हलला. आणि शेजारी सर बसलेले होते, भंडाऱ्याहून समाचाराला आलेले. मामाजींनी सरांकडे पाहिलं, हात परत मांडीवर ठेवला. "पानी दे," म्हणाले. मला ओरडावंसं वाटलं. मी उठून मागच्या अंगणात गेले आणि तुळशीपाशी बसून रडले. लोकांना वाटलं, सासूवर फार जीव होता. होताच, पण मी त्यासाठी रडत नव्हते.

गेल्या वर्षी मुलांना शिकवण्यासाठी म्हणून मी इंग्रजांच्या चहाच्या इतिहासावरचं काहीबाही वाचत होते. त्यात एक गोष्ट सापडली. पूर्वी इंग्रजही बशीत ओतून चहा प्यायचे. चांगले घरंदाज लोक. सुरुवातीला त्यांच्या कपाला कानही नसायचा, वाटीसारखा कप, हाताला चटके बसायचे, म्हणून बशीत ओतायचं, निववायचं आणि प्यायचं. "एक बशी चहा घ्या," अशीच बोलायची पद्धत होती. पुढं कधीतरी ते गावंढळ ठरलं, आणि मी ज्या कादंबऱ्या वाचल्या त्या बऱ्याचशा त्यानंतरच्या. स्टाफरूममध्ये एकटीच होते. पुस्तक मिटलं. म्हटलं, बाई, ज्यांच्यासाठी तू त्या माणसाची बशी काढून घेतलीस, ते स्वतः एकेकाळी बशीवरच वाढले होते. त्या दिवशी वर्गात मी काय शिकवलं, मला आठवत नाही.

पण तरी घरी येऊन बोलले नाही. धीर म्हणून नाही झाला.

यंदा पौषापासून मामाजींनी अंथरूण धरलं. रोग असा काही नाही, वय झालं. डॉक्टर म्हणाले, पथ्य वगैरे काही नको, मागतील ते द्या. ते काहीच मागत नाहीत, हीच तर पंचाईत. पेपरच्या दिवशी, तो कागदी कप तसाच टाकून मी घरी आले तेव्हा चार वाजायला आले होते. बाहेर मोहाचा वास, ओसरीवर ऊन आत सरकलेलं. मामाजींची बाज आता ओसरीवरच असते. मी आत गेले नाही. सोळा वर्षांत पहिल्यांदा उंबरा ओलांडून त्यांच्या बाजेशी, खाली बसले.

"पेपर झाला का?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक झालाय.

"झाला जी. मामाजी, एक सांगू का? ते पुस्तकातले इंग्रज होते ना, ते बी पयले बशीतच चाय पेत होते."

ते माझ्याकडे वळले. "खरंच?"

"खरंच जी. मोठमोठे लोक. कपाले कान बी नव्हता त्याईच्या."

"मंग सोडलं काहून?"

"लाज वाटाले लागली त्याईले. बशीत पेणं अडाण्याचं काम होय म्हने."

मामाजी वर आढ्याकडे बघत राहिले. मग पांघरुणाखाली त्यांचं पोट हलायला लागलं. ते हसत होते. "म्हंजे," म्हणाले, "त्याईच्या घरी बी सुना शिकल्या."

सोळा वर्षं मी ज्या बोलण्याची वाट पाहिली ते हे असं आलं, थट्टा करत. मी हसलेही आणि मला रडूही फुटलं, दोन्ही एकदम. त्यांच्या बाजेची दोरी धरून म्हटलं, "मामाजी, माह्यं चुकलं जी. फार चुकलं. तुमी माह्यावर रागावून चाय सोडला, मले मालूम हाये."

"राग?" त्यांना खरोखरच नवल वाटलेलं दिसलं. "कायचा राग वो? तू सराले सांगतलं, मामाजी चाय पेत नाही. आता तू होनार होती मास्तरीन. तुह्या सरापाशी तुहा शब्द खोटा पडला असता तं तुले कोनी शिकवलं असतं? अन त्या सराचा का भरोसा, कवाबी येत होता. गावातलं कोनी बोललं असतं, बुढा तं दोन टाइम पेते म्हून. मंग?" एवढं बोलून त्यांना दम लागला. थांबले. "सुनेचा शब्द घरातून बाहेर गेला होता बाई. तो सांभाळा लागत होता."

ते माझ्यावर रागावलेत म्हणून मी सोळा वर्षं अंग चोरून वावरले, आणि हा माणूस सोळा वर्षं माझं एक खोटं वाक्य खरं करत बसला होता. खाली मान घातली. आज पदर नव्हता डोक्यावर, ते माझ्या लक्षातही आलं नाही.

थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "सर कसे हायेत? लय दिवस झाले, आले नाहीत."

हेही मी सांगितलं नव्हतं. दिवाळीनंतर फोनवर बातमी आली होती, आणि घरी मामाजींपुढं सरांचं नाव काढायची मला भीती वाटायची. "सर गेले, मामाजी," मी म्हटलं. "दिवाळी झाल्यावर. नागपूरले, पोरापाशी."

"अरेरे." त्यांनी डोळे मिटले. हात जोडायला उचलले, पुरते जुळले नाहीत. "बरा मानूस होता. तुह्यासाठी लय केलं त्यानं." मला वाटलं, झोप लागली. अंगणात कोंबड्या माती उकरत होत्या. मग डोळे न उघडताच म्हणाले, "मंग आता कायले थांबाचं? मांड चाय."

मी उठले. धावतच आत गेले. गॅस पेटवला, दूध ओतलं, पत्ती टाकली. साखरेचा डबा उघडला आणि चमचा हातात घेऊन तशीच उभी राहिले. मामाजी चहात साखर किती घेतात, ते मला आठवेना. त्या इंग्रजी पुस्तकांत किटली हातात धरून घरची बाई हा प्रश्न प्रत्येकाला विचारते, मी तो शेकडो वेळा वाचला होता आणि या घरात कुणाला कधी विचारला नव्हता. मी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हटलं, "मामाजी, साखर किती टाकू जी?"

बाजेवरून बारीक आवाज आला.

"मले काय मालूम बाई?" ते म्हणाले. "तूच तं करत होती."